निनादाची मालकी : ईसीएमच्या ध्वनीविषयी एक संवाद

ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेला संगीतव्यवहारात ‘लेबल’ म्हणतात, आणि जे लेबल मोठ्या कंपन्यांच्या मालकीत न जाता एखाद्या व्यक्तीच्या किंवा छोट्या गटाच्या निवडीवर चालते त्याला ‘स्वतंत्र लेबल’ म्हणण्याची रीत आहे. अशा लेबलांपैकी ज्यांचे केवळ कलावंतच नव्हे तर ज्यांचा ध्वनीसुद्धा जाणकार श्रोता डोळे मिटून ओळखू शकतो, अशी लेबले फार थोडी असून, म्युनिक येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले ईसीएम, म्हणजे ‘एडिशन ऑफ कंटेंपररी म्युझिक’, त्यांत अग्रभागी मानावे लागते. संस्थापक मानफ्रेड आयकर हे १९४३ मध्ये लिंडाऊ या सरोवरकाठच्या गावी जन्मले, बर्लिनच्या संगीत अकादमीत शिकले, डबल बास हे मोठ्या आकाराचे खर्जाचे तंतुवाद्य वाजवत राहिले आणि डॉइचे ग्रामोफोन या अभिजात संगीताच्या बलाढ्य कंपनीत त्यांनी निर्मिती-साहाय्यकाचे काम केले. त्यामुळे जॅझची ओढ आणि अभिजात ध्वनिमुद्रणाची काटेकोर शिस्त या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र आल्या. लेबलची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘फ्री अॅट लास्ट’, ही त्या काळी म्युनिकमध्ये स्थायिक असलेले कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक मॅल वॉल्ड्रन यांची होती. बिली हॉलिडे या श्रेष्ठ गायिकेच्या अखेरच्या वर्षांत तिची साथ केलेले हे वादक होते, ही गोष्ट पुढे येणाऱ्या एका आक्षेपाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ईसीएमच्या ध्वनीची चर्चा करताना ‘निनाद’ ही संज्ञा टाळता येत नाही. ध्वनी निघाल्यावर तो भिंती, छत आणि जमीन यांवरून पुन्हा पुन्हा परावर्तित होतो. परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीपासून वेगळा ऐकू येण्याइतका उशिरा, म्हणजे सुमारे एक दशांश सेकंदानंतर, पोचला तर त्याला प्रतिध्वनी म्हणतात, आणि असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून ध्वनी मागे रेंगाळत राहिला तर त्यास निनाद म्हणतात. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ तो निनादकाल. गालिचे, लोड आणि माणसे यांनी भरलेल्या दिवाणखान्यात तो अगदी थोडा असतो, तर दगडी चर्चमध्ये अनेक सेकंदांचा असू शकतो. ईसीएमच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिकांत वाद्य कानाशी असते, मात्र त्याच्या मागे एक विस्तीर्ण, थंड आणि मोकळी जागा पसरलेली जाणवते, आणि हा निनाद कोणाचा, वाद्याचा, वास्तूचा, वादकाचा की निर्मात्याचा, हाच खालील संवादाचा विषय आहे. संवादातील दोघेही कल्पित आहेत. एक आहेत ख्यालगायकीत मुरलेले आणि बैठकीचे गाणे हेच खरे गाणे मानणारे बुवा. दुसरा त्यांच्याहून वयाने बराच लहान, स्टुडिओत वाढलेला ध्वनिमुद्रक, जो मुद्रणाला स्वतंत्र कला मानतो. आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या पद्धतीत उत्तरपक्षाचा विजय आधीच ठरलेला असतो. येथे तसे गृहीत धरलेले नाही.

बुवा : या लेबलच्या दहा वेगवेगळ्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकल्या तर वादक बदलतात, देश बदलतात, वाद्ये बदलतात, जागा मात्र तीच राहते. नॉर्वेच्या यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन, ब्राझीलच्या एग्बेर्तो जिस्मोंती यांची गिटार, अमेरिकेच्या कीथ जॅरेट यांचा पियानो आणि मुंबईच्या झाकिर हुसेन यांचा तबला, हे सारे एकाच रिकाम्या सभागृहात, एकाच अंतरावर बसवल्यासारखे ऐकू येतात. बैठकीत गवयाला जागा मिळते ती त्या दिवशीची, त्या माणसांची, त्या हवेची. तुमच्या या मंडळींनी जागाच आधी ठरवून टाकली आणि मग कलावंतांना तीत बोलावले, याला संगीत म्हणावे की सजावट?

ध्वनिमुद्रक : बुवा, आपला आक्षेप नीट तपासायचा तर १९७० च्या सप्टेंबरात जावे लागेल. गार्बारेक यांच्या चौकडीची ‘अॅफ्रिक पेपरबर्ड’ ही ध्वनिमुद्रिका करण्यासाठी आयकर ऑस्लोला गेले, तेव्हा मुद्रण आधी शहराजवळच्या एका कलासंग्रहालयाच्या वास्तूत होणार होते. तेथील निनाद इतका बेसुमार निघाला की तो बेत सोडून सगळ्यांना बेंडिक्सन स्टुडिओ गाठावा लागला, आणि तेथे यान एरिक कोंग्सहाऊग हा तरुण मुद्रणतंत्रज्ञ त्यांना भेटला. निनादासाठी प्रसिद्ध झालेल्या लेबलच्या ऑस्लो-पर्वाचा आरंभ अशा रीतीने निनाद नाकारण्यापासून झालेला आहे. वास्तूने लादलेला निनाद त्यांना नको होता. किती, कोणत्या वाद्यामागे आणि कोणत्या क्षणी, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य हवे होते.

बुवा : म्हणजे आक्षेप अधिकच पक्का झाला. वास्तू निदान सर्वांना सारखीच वागवते. तिला कोणी आवडता-नावडता नसतो. निनाद यंत्रातून मापून घालायचा म्हटला की त्याची मालकी मापणाऱ्याकडे गेली.

ध्वनिमुद्रक : मापणारा कोण होता हे तरी पाहावे. कोंग्सहाऊग स्वतः गिटारवादक होते. १९८४ मध्ये त्यांनी ऑस्लोत रेनबो स्टुडिओ उभारला आणि २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ईसीएमच्या शेकडो ध्वनिमुद्रिका त्यांच्या हातून गेल्या. त्यांच्या कामात निनाद हा वाद्यावर ओढलेला पडदा नव्हे. थेट ध्वनी आधी स्वच्छ पोचतो, निनाद त्यानंतर सेकंदाच्या काही शतांश भागांनी सुरू होतो आणि तोही प्रत्येक वाद्याला वेगळ्या प्रमाणात दिलेला असतो, म्हणून स्वराचा आघात, त्याची कड, शाबूत राहते. ड्रमवादक यॉन क्रिस्टेन्सेन यांच्या झांजेवर काठीचे टोक नेमके कोठे पडले हे ऐकणाऱ्याला कळते. मोठ्या सभागृहात असे कधीच ऐकू येत नाही. म्हणून ही जागा खरी कोठेच नाही. ती रचलेली आहे.

येथे दोन्ही पक्षांत दिसते त्याहून अधिक एकमत आहे हे नमूद करणे अवश्य आहे, कारण ही जागा रचलेली आहे हे बुवाही म्हणतात आणि ध्वनिमुद्रकही म्हणतो. वाद आहे तो ती रचण्याच्या अधिकाराचा. त्या अधिकाराला कार्यपद्धतीची एक बाजूही होती. ईसीएममध्ये दोन दिवसांत मुद्रण आणि तिसऱ्या दिवशी मिश्रण, म्हणजे वेगवेगळ्या ध्वनिग्राहकांनी टिपलेले ध्वनी परस्परांच्या प्रमाणात बसवणे, असा शिरस्ता होता. आठवडेच्या आठवडे स्टुडिओ अडवून तुकड्या-तुकड्यांनी गाणे जोडण्याच्या रॉक संगीतातील चालीच्या तुलनेत हा शिरस्ता बैठकीच्याच अधिक जवळचा ठरतो. तथापि तो सर्वांना मानवला नाही. गिटारवादक पॅट मेथिनी यांनी १९७६ च्या ‘ब्राइट साइझ लाइफ’पासून ‘फर्स्ट सर्कल’पर्यंतचा पल्ला याच लेबलवर गाठला, पण अधिक वेळ आणि आपल्या ध्वनीवर अधिक ताबा हवा म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यास ते दुसरीकडे गेले. निर्मात्याचा कान हे या लेबलचे भांडवल होते आणि तीच त्याची सीमा होती. मेथिनी यांचे जाणे हा त्या सीमेचा पुरावा आहे, अपघात नव्हे.

बुवा : सीमेची गोष्ट निघाली आहे तर दुसरा आक्षेपही ऐका. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. त्यात घाम आहे, बोलणे आहे, हसणे आहे, पायांचा ठेका आहे. म्युनिक आणि ऑस्लोच्या या मंडळींनी त्यातला ठेका काढून हिमप्रदेश भरला, अशी टीका युरोपातच नव्हे, अमेरिकेतही झाली. ती तुम्हाला सर्वस्वी खोटी वाटते काय?

ध्वनिमुद्रक : सर्वस्वी नाही. गार्बारेक, गिटारवादक तेर्ये रिपडाल, बासवादक एबरहार्ड वेबर यांच्या १९७० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांपुरती ती बऱ्याच अंशी खरी आहे, आणि लेबलवरील मुखपृष्ठे, ती समुद्राची क्षितिजे, ते धुके, ते मोकळे कागद, यांनी तिला खतपाणी घातले. मात्र संपूर्ण सूची त्या टीकेत मावत नाही. लेबलचा आरंभच वॉल्ड्रन यांच्यापासून झाला. सॅक्सोफोनवादक मॅरियन ब्राउन यांची ‘आफ्टरनून ऑफ अ जॉर्जिया फॉन’ ही सूचीतील अगदी सुरुवातीची ध्वनिमुद्रिका. १९७८ मध्ये ‘आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो’ हा गट आला आणि ‘नाइस गाइज’, ‘फुल फोर्स’, ‘अर्बन बुशमेन’ या ध्वनिमुद्रिका झाल्या; भोंगे, घंटा, शिट्ट्या, शेकडो लहानमोठी वाद्ये, चेहऱ्यावर रंग आणि लेस्टर बोवी यांच्या अंगात प्रयोगशाळेतला पांढरा कोट. त्यांच्या संगीतात हिमप्रदेश शोधूनही सापडणार नाही. उलट त्या निनादामुळे त्यांची बारीक वाद्ये, जी एरवी गोंगाटात हरवली असती, ती एकेक करून जागच्या जागी ऐकू येतात.

बुवा : बारीक वाद्ये ऐकू येतात हे मान्य. पण मोठ्या लयीचे काय? तबल्याचा हिशेब मांडून पाहा. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांच्या वेगाने चालला आहे, म्हणजे सेकंदाला पाच मात्रा. मात्रेत दोन बोल धरले तर सेकंदाला दहा बोल, दोन बोलांत अंतर एक दशांश सेकंदाचे. आता निनादकाल दोन सेकंदांचा असला तर नव्या बोलाच्या वेळी मागचे वीस बोल अजून हवेत रेंगाळत आहेत. ‘धिर धिर’चा जो कणीदारपणा वर्षानुवर्षे रियाज करून बोटांत आणायचा, त्याचे या धुक्यात काय होणार? गायकाचेही तेच. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर श्रुती न तोडता जाणे. मागे सोडलेल्या श्रुती पुढच्या स्वरात मिसळून राहिल्या तर मींड पुसट होते.

ध्वनिमुद्रक : हिशेब बिनचूक आहे, पण तो सभागृहाला लागू पडतो. स्टुडिओत निनाद थेट ध्वनीच्या कितीतरी खाली ठेवलेला असतो, त्यामुळे मागचे वीस बोल हवेत असले तरी ते नव्या बोलाच्या तुलनेत क्षीण असतात. पुरावा ऐकता येण्याजोगा आहे. १९८१ ची ‘हूज टू नो’ घ्यावी. व्हायोलिनवादक एल. शंकर यांनी दोन माना आणि दहा तारा असलेले जोडव्हायोलिन घडवून घेतले होते, त्याचा विस्तार डबल बासच्या खर्जापासून व्हायोलिनच्या तारसप्तकापर्यंत पोचतो. सोबत उमयाळपुरम शिवरामन यांचा मृदंगम आणि झाकिर हुसेन यांचा तबला, आणि मांडणी कर्नाटक पद्धतीची, रागम-तानम-पल्लवीची. मृदंगम आणि तबला ही दोन्ही वाद्ये एकत्र वाजत असता एकाचा बोल कोठे संपतो आणि दुसऱ्याचा कोठे सुरू होतो हे तेथे स्पष्ट कळते. बैठकीत, ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यांमधून, ते तितके स्पष्ट कळत नाही, हे आपणही मान्य कराल. आणि मींडेविषयी म्हणायचे तर, बुवा, आपण गाता ते तानपुऱ्याच्या जोडीत बसून. जवारी लावलेला तानपुरा हा निनादच आहे. स्वर थांबल्यावरही षड्ज-पंचम मागे उभे असतात आणि पुढला स्वर त्यांतून उगवतो. निनाद भारतीय संगीताला परका कसा?

बुवा : तानपुऱ्याचा दाखला चुकीच्या ठिकाणी दिलात. तानपुरा षड्ज आणि पंचमच धरून ठेवतो, किंवा मध्यम, किंवा निषाद. म्हणजे रागाला जे सोसते तेच. गायकाने घेतलेला कोमल धैवत तो कधी परत ऐकवत नाही. तुमचा यांत्रिक निनाद मात्र जे मिळेल ते धरून ठेवतो, त्याला रागाचा विवेक नाही. शिवाय तानपुरा गायक स्वतः लावतो, मनासारखा लागेपर्यंत लावतो, आणि गाताना तो त्याच्या कानाशी असतो. तुमचा निनाद गाणे संपल्यावर तिसऱ्या दिवशी येतो.

ध्वनिमुद्रक : गाताना तो कानावरच्या हेडफोनमधून देता येतो.

बुवा : देता येतो म्हणजे कोणीतरी देतो. आणि तो देणारा समोर बसत नाही, काचेपलीकडे बसतो.

संवादातील हे स्थळ सर्वांत महत्त्वाचे म्हटले पाहिजे, कारण निनाद असावा की नसावा या सरळ प्रश्नाऐवजी निनाद कलावंताच्या ऐकण्याचा भाग आहे की नाही, हा खरा प्रश्न येथे पुढे आला. वाजवताना जी जागा वादकाला ऐकू येते तिच्याशी तो जुळवून घेतो, सावकाश जातो, विराम लांबवतो, कधी तिला झुगारतो. नंतर जोडलेल्या जागेशी त्याचे असे कोणतेच बोलणे होत नाही. या कसोटीवर ईसीएमच्या भारतीय संबंधांच्या ध्वनिमुद्रिका एकसारख्या उतरत नाहीत. १९८५ च्या ‘साँग फॉर एव्हरीवन’मध्ये शंकर आणि गार्बारेक यांच्यासह झाकिर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू हे मुंबईचे दोन तालवादक एकत्र आले आहेत, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र असलेले त्रिलोक गुर्टू तबला आणि पाश्चात्त्य ड्रम यांची स्वतःची सांगड घालतात, आणि तेथे लयीची वीण इतकी सघन आहे की निनादाला फारसा वाव उरत नाही. १९८६ च्या डिसेंबरात ऑस्लोत मुद्रित झालेल्या ‘मेकिंग म्युझिक’मध्ये झाकिर हुसेन, बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया, गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन आणि गार्बारेक असे चौघे आहेत. बासरीला तो निनाद खुलतो, कारण फुंकीचा स्वर मुळातच हळू उगवतो. सॅक्सोफोन मात्र काही जागी इतका वर, इतका एकाकी तरंगतो की चौघांची बैठक मोडून एक पाहुणा आणि तीन यजमान असा देखावा उभा राहतो. गुर्टू मायलेकांनी एकत्र मुद्रित केलेले १९८८ चे ‘उस्फ्रेत’ ईसीएमवर नव्हे तर सीएमपी या दुसऱ्या जर्मन लेबलवर आले, आणि तेथला ध्वनी पुष्कळ दाटीचा, जवळचा आहे. ठुमरीच्या गळ्याला ऑस्लोची जागा कशी मानवली असती, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला.

ध्वनिमुद्रक : आता एक उदाहरण असे घ्यावे की जे आपल्या बैठकीच्या बाजूचे आहे. २४ जानेवारी १९७५, कोलोनचे ऑपेरागृह. मैफल ठरवणारी व्हेरा ब्रांडेस ही विशीही न गाठलेली मुलगी. रात्री साडेअकराचा कार्यक्रम, कारण आधी ऑपेरा होता. कीथ जॅरेट यांनी मागितलेला मोठा पियानो रंगमंचावर आलाच नाही. आला तो लहान, सरावाचा, वरचे स्वर पातळ आणि खर्ज दुबळा असलेला. ते पाठदुखीने बेजार होते. तरी ते बसले, आधी काहीही न ठरवता तासाभराहून अधिक वाजवले, आणि मार्टिन वीलांड यांनी ते मुद्रित केले. ‘द कोल्न कॉन्सर्ट’ ही एकल पियानोवादनाची सर्वाधिक खपलेली ध्वनिमुद्रिका मानली जाते, आणि तिचा खप काही दशलक्ष प्रतींचा आहे.

बुवा : मग झाले तर! यात निर्मात्याने काय केले? वाद्य वाईट, वेळ अवेळ, समोर भरलेले सभागृह, आणि वादकाने त्या वाईट वाद्याच्या मधल्या पट्टीतच आपले घर केले, डाव्या हाताने एकच स्वराकृती लेहऱ्यासारखी धरून ठेवली, कारण खर्जाला बळ नव्हते. ही तर शुद्ध मैफल. निनाद होता तो त्या रात्रीच्या सभागृहाचा, आणि वादकाने तो ऐकला होता.

ध्वनिमुद्रक : त्या रात्री साडेअकराला सभागृहात सुमारे चौदाशे माणसे होती, बाकीच्या जगाने ती मैफल फक्त ध्वनिमुद्रिकेतूनच ऐकली. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. या वादनाची स्वरलिपी प्रसिद्ध व्हावी अशी मागणी वर्षानुवर्षे होत होती आणि जॅरेट ती नाकारत होते. १९९१ मध्ये अखेर ती निघाली, पण वाजवणाऱ्याने अंतिम प्रमाण म्हणून ध्वनिमुद्रिकेकडेच पाहावे, अशा आग्रहासह. म्हणजे ज्या क्षणी ती मैफल होती त्या क्षणी तिला संहिता नव्हती. संहिता झाली ती ध्वनिमुद्रिका. बुवा, आपणही भास्करबुवांचे गाणे थोरांच्या आठवणींतून ऐकले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे तबकड्यांतून. यांपैकी कोणत्या गायकाचा स्वरलगाव आपल्या शिष्यांना आज दाखवता येतो?

या प्रश्नावर बुवांनी दिलेले उत्तर एवढेच, की तबकडीतून स्वरलगाव दाखवता येतो, पण चाळीस मिनिटांची बढत साडेतीन मिनिटांत कशी आवरली जाते हेही तीच तबकडी शिकवते, आणि ते शिकवणे नको होते. यावर ध्वनिमुद्रकाने जे उत्तर दिले त्यात वेळेच्या मर्यादेचा दोष जुन्या तंत्राचा असल्याचे म्हटले होते, आणि जॅरेट यांच्या जपानमधील १९७६ च्या पाच मैफली ‘सन बेअर कॉन्सर्ट्स’ या नावाने दहा तबकड्यांच्या संचात अखंड प्रसिद्ध करण्याचे धाडस ईसीएमने केले, हे उदाहरण दिले होते. हा मुद्दा त्याच्या बाजूने नि:संशय ठरतो. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या विक्रीविभागाने असा संच त्या काळी संमत केला असता असे वाटत नाही.

बुवा : तुमच्या लेबलने पुढे जॅझ सोडून धार्मिक संगीतही हाती घेतले. तेथे तर निनादाचे साम्राज्यच.

ध्वनिमुद्रक : सोडून नव्हे, सोबत. १९८४ मध्ये ‘न्यू सीरीज’ ही स्वरलिपीबद्ध संगीताची वेगळी मालिका सुरू झाली, ती एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्त यांच्या ‘टॅब्युला रासा’ या ध्वनिमुद्रिकेने. आयकर यांनी ती रचना मोटार चालवत असताना रेडिओवर प्रथम ऐकली, असे त्यांनी सांगितले आहे. पेर्त यांनी ‘टिंटिनॅब्युली’ नावाची रचनापद्धती घडवली होती, जिच्यात एक आवाज पायरी पायरीने स्वरसप्तकात चालतो आणि दुसरा आवाज एका मूळ त्रिस्वराचे स्वरच घंटेसारखे वाजवत त्याला जोडून राहतो. तिचा आधार विरामावर आहे, आणि विरामात जे ऐकू येते तो निनाद. आपल्या आक्षेपाला उपयोगी पडेल अशी गोष्ट येथे लपवणे योग्य नाही : त्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकरचनेचे मुद्रण आयकर यांनी केलेलेच नव्हते. ते १९७७ मध्ये बॉन येथील मैफलीत जर्मन रेडिओने केलेले होते. स्टीव्ह राइश यांची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ ही १९७८ ची ध्वनिमुद्रिकाही मुळात दुसऱ्या कंपनीसाठी मुद्रित झालेली होती.

बुवा : म्हणजे लेबलचा ध्वनी म्हणून जो मिरवला जातो त्यात उसना मालही आहे!

ध्वनिमुद्रक : उसना माल आहे, आणि तरी तो त्या सूचीत बसतो. ध्वनी घडवणे आणि ध्वनी निवडणे ही एकाच कानाची दोन कामे आहेत.

बुवा : निवडीला घडवणे म्हणायचे तर चांगला श्रोताही गवई ठरेल.

ध्वनिमुद्रक : ‘ऑफिसियम’चा विचार करावा. गार्बारेक आणि हिलियर्ड एन्सेंबल हा चार पुरुषगायकांचा इंग्रज गट, ऑस्ट्रियातील सांक्ट गेरोल्डचा मठ, १९९३. क्रिस्तोबाल दे मोरालेस या सोळाव्या शतकातील स्पॅनिश संगीतकाराच्या आणि त्याहूनही जुन्या धार्मिक रचना ते चौघे गातात, आणि सॅक्सोफोन त्यांच्याभोवती, आधी काहीही न लिहिता, फिरतो. तेथे निनाद यंत्राचा नाही, दगडाचा आहे. गायक शब्द संपवून थांबतात, निनाद विरत जातो, आणि तो पूर्ण विरण्याआधी सॅक्सोफोन त्याच्या पाठीवर चढतो. ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

बुवा : खपाचे सोडा. पण हे उदाहरण मान्य. तेथे पाचहीजण त्या जागेला ऐकत आहेत हे कळते. सॅक्सोफोन जेव्हा उंच स्वरावर बराच वेळ थांबतो, तेव्हा तो जागेकडून उत्तर येण्याची वाट पाहत असतो. बुलंद वाड्यात गाणारा जुना गवईही असाच थांबत असेल.

बुवांच्या या मान्यतेचे मोल कमी लेखता येत नाही, पण तिच्यामुळे त्यांचा मूळ आक्षेप मागे पडतो असेही नाही. उलट तो अधिक नेमका होतो. सांक्ट गेरोल्ड येथे निनाद कलावंतांच्या वाट्याला आला, कोलोन येथे तो त्यांच्यावर लादला गेला, आणि ऑस्लोत तो, बहुतेक वेळा, त्यांच्या नावे जमा करण्यात आला. पहिल्या दोन प्रसंगी संगीताने जागेला दिलेले उत्तर ऐकू येते. तिसऱ्या प्रसंगी, काम कितीही कुशल असले तरी, श्रोता जे उत्तर ऐकतो ते निर्मात्याचे असते. या लेखाचा कल म्हणूनच बुवांकडे झुकतो, मात्र एका अपवादासह : जेथे कलावंताने त्या रचलेल्या जागेलाच आपले वाद्य मानले, जसे वेबर यांनी आपल्या विद्युत डबल बासच्या दीर्घ स्वरांत किंवा गार्बारेक यांनी आपल्या तीक्ष्ण, कंपनरहित स्वरांत मानले, तेथे ऑस्लोचा निनाद उपरा उरत नाही. या दोघांचे वादन त्या जागेवाचून कल्पिताच येत नाही, आणि कोरड्या खोलीत ते कदाचित निम्मेच उरेल.

शांततेचा मुद्दा येथे ओझरताच घेणे पुरे. १९७१ मधील एका कॅनडाच्या नियतकालिकातील परीक्षणावरून ‘शांततेखालोखालचा सर्वांत सुंदर ध्वनी’ अशा आशयाचे घोषवाक्य लेबलने स्वीकारले आणि पुढे सीडींच्या आरंभी पाच सेकंदांची नि:शब्दता ठेवण्याची प्रथा पाडली. जाहिरातीचे वाक्य म्हणून ते ठीक आहे. आर्ट एन्सेंबलच्या भोंग्यांना ते लागू पडत नाही, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये लेबलने दीर्घ काळचा विरोध सोडून आपली सूची इंटरनेटवरील स्ट्रीमिंग सेवांना खुली केल्यापासून, जेथे एका कलावंतानंतर लगेच दुसरा सुरू होतो तेथे, त्या पाच सेकंदांचा अर्थ बराच विरळ झाला आहे.

ध्वनिमुद्रक : अखेरीस एकच सुचवावेसे वाटते. आपण ज्याला निर्मात्याची मालकी म्हणता तिला घराणे का म्हणू नये? किराण्याचा षड्ज आणि आग्र्याची नोमतोम ही एका गायकाची मालमत्ता नव्हे, पण वेगळी ओळखू येते. येथेही आवाजाच्या लगावाची, विरामाची आणि अंतराची एक रीत आहे, ती वेगवेगळ्या वादकांतून वाहते आणि त्यांचे वेगळेपण पुसत नाही.

बुवा : घराण्याला निदान तीन पिढ्या लागतात असे जुने लोक मानत. पहिल्याने रीत घडवायची, दुसऱ्याने ती सांभाळायची, आणि तिसऱ्याने तिच्यात आपले काही घालूनही ती ओळखू येईल असे गायचे. तुमच्याकडे पहिली पिढी आयकर यांची. कोंग्सहाऊग गेले. आता मुद्रण कोण करतो?

ध्वनिमुद्रक : दक्षिण फ्रान्समध्ये ला ब्युइसोन नावाच्या स्टुडिओत जेरार द आरो करतात, इटलीत उदिनेजवळ आणि स्वित्झर्लंडमधील लुगानोच्या रेडिओ-सभागृहात स्तेफानो आमेरिओ करतात. लुगानोतला ध्वनी ऑस्लोहून उबदार आहे, लाकडाचा आहे, आणि तेथे पुष्कळदा वादक हेडफोन न लावता एकमेकांना आणि सभागृहाला ऐकत वाजवतात.

बुवा : म्हणजे दुसऱ्या पिढीनेच पहिलीची रीत बदलली, आणि बदलली ती बैठकीच्या दिशेने.

ध्वनिमुद्रक : निवडणारा कान अजून तोच आहे, बुवा.

बुवा : कान तोच आहे तोवर ती पहिलीच पिढी. लुगानोचे काही असेल तर लावा. आणि त्यात तालवाद्य असेल असे पाहा.